क्रोशाचं नाताळ कॅलेंडर आणि पूर्व भागातलं सुताचं दुकान

आधी निकाल सांगून टाकते: पाचपैकी साडेतीन. सूत चांगलं, वजन चोख, माणूस सरळ. पण हे दुकान क्रोशा करणाऱ्या बायकांसाठी काढलेलंच नाही, ते लूमवाल्यांसाठी, म्हणजे यंत्रमागवाल्यांसाठी आहे. तेवढं ध्यानात ठेवून गेलात तर खूश होऊन याल, नाहीतर दुकानदार अण्णांवर चिडून.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि पुढच्या वर्षी मला पुन्हा तिथंच जायचंय. तसंही टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना सूत देऊन उरलेले कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, किरकोळीत विकणारी दुकानं आपल्या सोलापुरात पूर्व भागात शोधली की सापडतात. जे लिहितेय ते थोड्याफार फरकानं तिथंही लागू पडेल.

मला सूत हवं होतं ते नाताळच्या कॅलेंडरसाठी. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १ ते २४ डिसेंबर, रोजचा एक कप्पा. पोरांनी सकाळी उठून त्या दिवसाचा कप्पा उघडायचा, आत काहीतरी बारकंसं असतं. रीत मूळची जर्मनीतली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या प्रोटेस्टंट घरांतून दारावर खडूच्या २४ रेघा ओढायचे आणि रोज एक पुसून टाकायचे. छापील कॅलेंडरं नंतर आली, चॉकलेटवाली त्याच्याही नंतर.

चर्चचा आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, मात्र या २४ कप्प्यांत बसत नाही. तो नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी लागतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांत कधीही. आमच्या पप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिला आक्षेप इथंच घेतला. "आगमन रविवारी सुरू होतं. तुझं कॅलेंडर वार न बघताच कसं काय सुरू होतं?" मी म्हटलं, पप्पा, हे पोरांसाठी आहे, पास्टरसाहेबांसाठी नाही. ते गप्प बसले, पण पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं. म्हणून चार हिरवी पानं वेगळी विणली आणि प्रत्येकाच्या मागं सेफ्टी पिन लावली. रविवार दरवर्षी सरकतात, तशी पानंही सरकवायची. पहिला रविवार नोव्हेंबरातच पडला तर ते पान वरच्या काठीला अडकवायचं. या चार पानांपायी माझ्या घरात हिरव्या सुताचा डोंगर झालाय, त्यावर पुढं येते.

आता सुताकडं. नव्या पेठेत क्रोशाचं सामान मागितलं की दोनच गोष्टी पुढ्यात येतात. एक, ॲक्रिलिकची लोकर. रंग झकास, हाताला मऊ, पण कप्प्यात दोन चिक्क्या टाकल्या की कप्पा ओघळतो. तिला गरम इस्त्री लागली तर संपलंच, विणलेलं सगळं लुळं पडतं आणि परत उभं राहत नाही. दुसरं म्हणजे रुमाल-तोरणाचा बारीक दोरा. तो देखणा असतो यात वादच नाही. आईनं त्याच दोऱ्याची तोरणं केली, मणी ओवून, मी बघतच मोठी झाले. पण त्या दोऱ्यानं २४ कप्पे विणायचे तर नाताळ जाऊन ईस्टर येईल. परदेशी पॅटर्नमध्ये जे सुती सूत सांगतात ते ५० ग्रॅमला साधारण १७० मीटर भरतं, तीन मिलिमीटरच्या सुईला जमेल इतकं जाड. ते ऑनलाइन मिळतं, पण त्याची किंमत बघून मी फोन खाली ठेवला. सोलापुरात राहून बाहेरून सूत मागवायचं, हे वडिलांना कळलं असतं तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं.

वडील इथल्या लक्ष्मी-विष्णू कापड मिलमध्ये वाईंडिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होते. सुताचा नंबर कसा काढतात हे त्यांनी मला शाळेच्या पाढ्यांबरोबरच शिकवलं. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी, तितका त्या सुताचा नंबर. म्हणून नंबर वाढला की सूत बारीक. टॉवेलच्या धंद्यात चालतं ते टू-ट्वेंटी, म्हणजे वीस नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले. त्याचा हिशेब दहा नंबरसारखा धरायचा. एका ग्रॅमला जवळजवळ १७ मीटर. असे पाच पदर एकत्र धरले की ५० ग्रॅमला १६९ मीटरच्या आसपास येतं. म्हणजे ते परदेशी सूतच की! फक्त ते आपल्या गल्लीत पोत्यानं पडलेलं असतं.

हा हिशेब कागदावर मांडून मी दुकानात गेले. अण्णा काउंटरवर नसतातच, आत कोनांच्या थप्प्यांमध्ये कुठंतरी असतात. हाक मारावी लागते. कागद बघून त्यांनी विचारलं, "काय करणार ओ अक्का एवढ्याशा सुताचं?" त्यांच्या गिऱ्हाइकाचा आकडा शंभर किलोच्या पुढं सुरू होतो, माझा पाव किलो. मी म्हटलं, नाताळचं तोरण. लगेच समजलं. पाच कोन मांडून, पाचही पदर एकत्र करून एकाच कोनावर गुंडाळून दिले, वर हलका पीळ. या कामाचे वेगळे पैसे नाहीत, हे विशेष. माझ्याकडून पाव किलोला १४० रुपये घेतले, रंगीत असो की पांढरं. काटा इलेक्ट्रॉनिक, रिकाम्या कोनाचं वजन आधी वजा केलं, न सांगता. भाजीमंडईतल्या लोकांनी इथं येऊन बघावं.

आता तक्रारी. पहिली, एका रंगाचं पाव किलोच्या खाली देत नाहीत. त्यांचंही चूक नाही, पाच कोन मांडायची खटपट पन्नास ग्रॅमसाठी कोण करेल? पण क्रोशावाल्याला एका रंगाचं वीस ग्रॅमच लागलं तर काय करायचं, याला त्यांच्याकडं उत्तर नाही.

दुसरी तक्रार मोठी. त्यांनी दिलेला पीळ फारच हलका आहे. सुई आत घातली की पाचातले चार पदर येतात आणि पाचवा मागं राहतो. त्यात उरलेल्या कोनांचं सूत, म्हणजे मधेमधे गाठी असणारच. एक पदर तुटून जोडलेला असला की तो बाकीच्या चारांपेक्षा सैल पडतो आणि विणीवर त्याचा बारीक फुगा येतो. लांबून दिसत नाही, पण बोट फिरवलं की लागतो. उपाय आहे, कष्टाचा आहे. विणायच्या आधी सगळं सूत हातानं पुन्हा गुंडाळायचं, बोटांच्या चिमटीतून ताण देत. गाठ आली की पाचही पदर तिथं तोडून नव्यानं जोडायचे. टीव्हीसमोर बसून होणारं काम आहे, पण कोन घरी आणला आणि सुई चालवायला लागले असं होत नाही. आणि सुई बोथट टोकाची घ्या. टोकदार सुई पदर फोडते. सुया अण्णांकडं मिळत नाहीत.

तिसरी गोष्ट रंगाची. लाल आणि पांढरं शेजारी असलं की लाल काय करतं हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. रंग सुटतो का ते बघायचं तर पांढरा रुमाल ओला करायचा, सुताची लडी त्यात गुंडाळायची आणि वरून गरम इस्त्री दाबायची. माझ्या लालनं रुमालावर फिकट गुलाबी डाग सोडला, हिरव्यानं काहीच नाही. अण्णा म्हणाले, "रंग पक्का आहे ओ, मिठाच्या पाण्यात टाका फक्त." मीठ-व्हिनेगरचा हा सल्ला मी घरोघरी ऐकलाय आणि सुती कापडाला त्याचा उपयोग नाही. मीठ सूत रंगवताना, पिंपात असताना कामाचं. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या रंगाला. सुतावर न चिकटता राहिलेला जादा रंग गरम पाणी आणि साबणानं धुऊन काढूनच टाकावा लागतो. लालची मोठी लडी करून तेच केलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. त्यानंतर रुमाल कोरा राहिला.

एवढं झालं की मग मात्र हे सूत मजा आणतं. कप्पा असा: १८ साखळ्या, आणि त्या साखळीच्या दोन्ही बाजूंनी मुके खांब (क्रोशाचा बुटका टाका) गोल गोल विणत जायचे. म्हणजे तळाला शिवण येत नाही आणि चिक्की खालून पडत नाही. ३६ खांबांचे २० फेरे झाले की आठ सेंटीमीटरचा चौकोनी खिसा तयार. वजन सहा-सात ग्रॅम. सुती असल्यानं तो ताठ उभा राहतो, तरी शेवटी साबुदाण्याची पातळ खळ दिली आणि इस्त्री फिरवली. बारा लाल, बारा पांढरे.

आकडे देवनागरीत काढायचे हा माझा हट्ट. मिळतील त्या सगळ्या पॅटर्नमध्ये इंग्रजी आकडे. सूत कप्प्याच्या आत धरायचं, सुई बाहेरून घालायची आणि साखळी वर ओढत ओढत आकडा काढायचा. १ आणि ८ सहज येतात. ५ ला मात्र जागा लागते, त्याचं पोट आणि खालची शेपटी दोन्ही आठ सेंटीमीटरच्या खिशात बसवायचं म्हणजे कसरत. २५ तारखेला कप्पा नाही याबद्दल त्या जर्मन लोकांचे आभार, पण ५ आणि १५ सुटत नाहीतच.

पाठीला काय लावायचं, हा प्रश्न पडलाच नाही. जुन्या सोलापुरी चादरीचा अर्धा भाग. साडी किंवा चादरीचं पातळ कापड घेतलं असतं तर भरलेल्या कप्प्यांनी झोळ आला असता. सोलापुरी चादर अशा वजनाला दाद देत नाही. फक्त साधी सुई तिच्यात शिरत नाही, गोधडीची सुई काढावी लागते. सहाच्या चार ओळी, वर पडद्याची काठी. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीला टांगलंय, नातवंडांचा हात शेवटच्या ओळीला पोहोचेल अशा उंचीवर. वरच्या ओळीसाठी पप्पांना बोलवावं लागतं, आणि ते हवंच होतं.

आत चॉकलेट नाही. डिसेंबरात सकाळी गारठा असला तरी दुपारी आपल्याकडं ऊन लागतंच, आणि मुंग्यांना ऋतू नसतो. कागदात गुंडाळलेली शेंगदाण्याची चिक्की, टिकल्या, खोडरबर, शास्त्रातलं एखादं वचन, आणि बऱ्याच कप्प्यांत नुसत्या चिठ्ठ्या: "आज करंज्यांना कातण फिरवायला स्वयंपाकघरात हजर." "आज पणजीच्या पायाला तेल." चिठ्ठीवर तोंड वाकडं होतं, पण दुसऱ्या दिवशी चिक्की निघेल या आशेवर काम होतं.

ज्यांना जायचंय त्यांना आणखी दोन-तीन गोष्टी. दुपारी दीड ते चार दुकान बंद. फोनवरून पैसे घेतात, बिल मागितलं तरच देतात. लॉटची, म्हणजे कुठलं सूत कुठल्या खेपेला रंगवलं याची, नोंद ठेवत नाहीत, म्हणून लागेल तेवढं सूत एकदमच घ्या. माझं बघून धाकट्या जावेनं महिन्याभरानं तोच लाल मागितला, तिला मिळाला तो विटकरीकडं झुकणारा. अण्णांचं म्हणणं, "लालच आहे की!" जांभळं बहुतेक वेळा नसतं, आगमनकाळाचा चर्चमधला रंग जांभळा, पण जांभळे टॉवेल कोण घेतं? आणि दिवाळीच्या आधीच जा. नोव्हेंबरात सूत आणून डिसेंबरच्या १ तारखेला कॅलेंडर टांगायचं म्हणाल तर धुणं, गुंडाळणं आणि २४ कप्पे एवढ्यात होणार नाहीत.

ज्यांना नुकती साखळी घालता येते त्यांनी इकडं न जाता सरळ तयार गुंडा घ्यावा, चार पैसे जास्त जाऊ देत. सुटणाऱ्या पदरांशी झगडत शिकणं नको. ज्यांचा हात बसलाय त्यांना मात्र ४२० रुपयांत अख्खं कॅलेंडर होऊन वर लाल-पांढऱ्यात ताटावरचे रुमाल निघतील इतकं सूत दुसरीकडं मिळणार नाही.

हिरवं पाव किलो घेतलं होतं, चार पानांना वीस ग्रॅमही लागलं नाही. बाकीचं तसंच पडलंय. पूर्व भागात कुणाला हवं असेल तर सांगा, दुकानात परत घेत नाहीत. विचारून झालंय.