३०० टक्के परताव्याचा अहवाल: आमचे ६ लाख कसे गेले

भोसरी एमआयडीसीत आमचा प्रेस पार्टचा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी एका ट्रेनिंग कंपनीने आमच्या २४ सुपरवायझरांना सहा दिवसांचं नेतृत्व प्रशिक्षण दिलं. फी ६ लाख, निम्मी आगाऊ. उरलेली निम्मी ३०० टक्के परतावा दिसला तरच. ही अट ऐकून मी निर्धास्त झालो. परतावा मोजायचं काम करारात त्यांच्याकडेच होतं, तिथे माझी नजर थांबली नाही.

चार महिन्यांनी अहवाल आला. फायदा २४ लाख, त्यातून खर्च ६ लाख वजा, उरलेल्याला ६ लाखांनी भागलं की नेमके ३०० टक्के. मी चेक दिला. मग आमच्या अकाउंट्सच्या ताईंनी एकेक आकडा उलगडून दाखवला.

१५ लाख रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारा माल, घटल्याचे होते. पण ते घटलं फक्त एक नंबर लाइनवर, आणि तिथली डाय, म्हणजे पार्टला आकार देणारा साचा, आम्ही त्याच काळात बदलली होती. दोन नंबर लाइनचे सुपरवायझरही त्याच वर्गात बसले होते, तिथलं रिजेक्शन तसूभर हललं नव्हतं! राहिलेले ९ लाख शेवटच्या दिवशी, ग्रुप फोटोच्या आधी भरून घेतलेल्या फॉर्ममधले. ‘तुमच्यामुळे वर्षाला किती रुपये वाचतील?’ उत्तर दिलं नऊ जणांनी, मिळून ३,३७,५००. त्याची सरासरी २४ जणांना लावली.

प्रशिक्षणाचा परतावा मोजण्याच्या जॅक फिलिप्स यांच्या ज्या पद्धतीचं नाव अहवालावर होतं, तिचा नियम उलटा आहे. उत्तर न देणाऱ्याचा फायदा शून्य धरायचा. देणाऱ्यालाही विचारायचं, यातला प्रशिक्षणाचा वाटा किती आणि तुमची खात्री किती. १० लाख सांगितले, वाटा ४० टक्के, खात्री ६० टक्के, तर हिशेबात २ लाख ४० हजारच. शिवाय खर्चात माणसांचे पगारही येतात. आमचे सहा दिवसांचे पगार आणि बदली माणसांचा ओव्हरटाइम अडीच लाख झाला होता, तो अहवालात कुठेच नव्हता. रिजेक्शनचे १५ लाख वगळून नऊ जणांचे आकडे जसेच्या तसे मानले, तरी परतावा उणे ६० टक्के निघतो.

कंपनीला फोन केला, तर मोजणी त्यांच्याकडे असल्याचं करारातलं कलम वाचून दाखवलं.

असा करार समोर आला तर मोजणी स्वतःच्या अकाउंट्सकडे ठेवा. आधीच्या सहा महिन्यांचे आकडे दोघांच्या सहीने नोंदवा. निम्म्या लोकांना आत्ता बसवा, निम्म्यांना तीन महिन्यांनी, म्हणजे मधल्या काळात दोन्ही गट शेजारी ठेवून बघता येतात. याला नकार आला, तर आगाऊ रक्कम देऊ नका.