कॅनेडियन स्टॅम्पीड १९९७: स्टू हार्टच्या गावातला शो

डब्ल्यूडब्ल्यूएफचा (टीव्हीवरच्या कुस्तीची अमेरिकन कंपनी, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) 'इन युअर हाऊस: कॅनेडियन स्टॅम्पीड' हा शो ज्यांनी पाहिला नाहीये त्यांनी बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी हा बघा. ६ जुलै १९९७, कॅनडातलं कॅलगरी, सॅडलडोम स्टेडियम, आणि कार्डवर फक्त चार मॅचेस. हल्लीचे मोठे शो चार-चार तास रेटतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं आठवत नाही, हा दोनेक तासात उरकतो आणि एकही मॅच वाया गेली असं वाटत नाही.

आता मी ह्याला स्टू हार्टचा, म्हणजे कॅलगरीतल्या कुस्तीच्या जुन्या वस्तादाचा, शो का म्हणतोय ते सांगतो. कागदावर हा काही कुणाच्या सन्मानाचा कार्यक्रम नव्हता, तसा खास स्टूंसाठीचा वेगळा शो कॅलगरीतच डिसेंबर १९९५ मध्ये होऊन गेला होता, त्यांचा मुलगा ब्रेट विरुद्ध जावई डेव्ही बॉय स्मिथ वगैरे. पण मला विचाराल तर त्या माणसाचा खरा मान इथे झाला. कारण मेन इव्हेंटला हार्ट फाउंडेशनची जी पाच जणांची टीम उतरली ती बघा ना: ब्रेट आणि ओवेन हे दोन मुलगे, डेव्ही बॉय स्मिथ आणि जिम नाइडहार्ट हे दोन जावई, आणि पाचवा ब्रायन पिलमन, जो फुटबॉल सोडून ह्याच घरात कुस्ती शिकला. म्हणजे सगळी टीमच एका माणसाने घडवलेली, आणि तो माणूस, वय ८२, बायको हेलन शेजारी, रिंगच्या कडेला पहिल्या रांगेत बसलेला. ह्यापेक्षा वेगळं भाषण काय करणार कुणी?

ज्यांना स्टू माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. हे स्वतः कॅनडाचे हौशी कुस्तीतले चॅम्पियन, मग १९४८ मध्ये एडमंटनला प्रमोशन, म्हणजे कुस्तीचे शो भरवणारी कंपनी, सुरू केलं, तेच पुढे कॅलगरीत स्टॅम्पीड रेसलिंग म्हणून गाजलं. दर जुलैत तिथे जो मोठा रोडिओचा उत्सव भरतो त्यावरून हे नाव, आणि हा शोही नेमका त्याच दिवसात ठेवलेला. बारा मुलं, आठच्या आठ मुलगे कुस्तीत, चारही मुलींची लग्नं पैलवानांशी. घराच्या तळघरात मॅट टाकलेली खोली, तिला सगळे डंजन म्हणायचे, तिथे स्टू नवीन पोरांना पकडीत धरून असे काही पिळायचे की ओरडणं वरच्या मजल्यावर ऐकू यायचं असं त्यांची मुलंच सांगतात. आपल्याकडे तालमीत वस्ताद पोराची माती करतो आणि मगच त्याला आखाड्यात सोडतो, अगदी तसंच. आणि हो, आपला धागापण आहे बरं का, पंजाबात जन्मलेला गामा सिंग ह्याच स्टॅम्पीडमध्ये कित्येक वर्षं मोठा व्हिलन होता, २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झालेला जिंदर महल त्याचाच पुतण्या, तोही कॅलगरीचाच.

आता शोकडे. पहिली मॅच ट्रिपल एच विरुद्ध मॅनकाइंड, डबल काउंट आउट (दोघंही रिंगबाहेर, म्हणून कुणीच जिंकलं नाही) झाली म्हणून हिरमुसू नका, कारण हे दोघं थांबतच नाहीत, नंतरही प्रेक्षकांतून भांडत भांडत बाहेर पार्किंगपर्यंत जातात. दुसरी ग्रेट सासुके विरुद्ध ताका मिचिनोकू, जपानी हायफ्लायिंग, पब्लिकला हे दोघं कोण ते धड माहीत नव्हतं तरी हळूहळू सगळे गुंतले. तिसरी अंडरटेकर विरुद्ध व्हेडर टायटलसाठी. मूळ अहमद जॉन्सन होता, त्याला दुखापत झाली म्हणून व्हेडर आला आणि बरंच झालं. दोन धिप्पाड माणसं एकमेकांना खरंच हाणतायत असं वाटतं, फक्त व्हेडरचा मॅनेजर पॉल बेअररचं रिंगबाहेरून सतत किंचाळणं मला थोड्या वेळाने नको झालं.

आणि मग मेन इव्हेंट. समोर स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन, केन शॅमरॉक, गोल्डडस्ट आणि लीजन ऑफ डूम ह्या जोडीतले हॉक-ॲनिमल. ९० च्या दशकात शाळेत ट्रम्प कार्ड खेळलेल्यांना ही सगळी नावं उंची-वजनासकट पाठ असतील. तेव्हा स्टोरी अशी होती की रेसलमेनिया १३ (कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो) नंतर ब्रेट अमेरिकेत व्हिलन आणि कॅनडात देव. त्यामुळे इथे सगळं उलटं, अमेरिकेत ज्याच्या नावाने स्टेडियम दणाणायचं त्या ऑस्टिनला अशी हुर्यो की कानठळ्या बसाव्यात. हार्टवाल्यांची एंट्री एकेक करून, आधी पिलमन, मग नाइडहार्ट, डेव्ही बॉय, ओवेन, आणि प्रत्येकाला आवाज वाढतच जातो, आता ह्याच्या वर काय जाणार असं वाटतं आणि तेवढ्यात ब्रेटची गिटार वाजते. ह्या एंट्र्या प्लीज फॉरवर्ड करू नका. हेडफोन लावून ऐका.

मॅच साधारण २४-२५ मिनिटांची. ऑस्टिन ओवेनचा पाय खुर्चीने फोडतो, ओवेनला आत नेतात. मग ब्रेट ऑस्टिनचा पाय रिंगच्या खांबात अडकवून हिशोब चुकता करतो, त्यालाही आत नेतात, आणि शेवटाकडे दोघंही लंगडत परत येतात. दहा माणसांची मॅच असून कोण कुठे आहे हा गोंधळ कुठेच होत नाही, ह्याचं श्रेय ज्यांनी ती बांधली त्यांना द्यायलाच हवं. शेवटी ऑस्टिन कडेला बसलेल्या म्हाताऱ्या स्टूंच्या अंगावर जातो. झालं. भाऊ-बिऊ सगळे धावतात, ब्रेट त्याला उचलून रिंगमध्ये ढकलतो आणि ओवेन रोल-अप करून, म्हणजे त्याला गुंडाळून खांदे मॅटला टेकवून, जिंकतो. सगळ्यात मोठा स्टार ब्रेट असताना जिंकायचा मान धाकट्या ओवेनला दिला हे मला फार आवडलं. नंतर पोरंटोरं, नातवंडं, स्टू, हेलन, अख्खं कुटुंब रिंगमध्ये, ऑस्टिन खुर्ची घेऊन परत घुसतो आणि पोलीस त्याला बेड्या घालून नेतात, तरी त्या बेड्यांतूनही तो दोन्ही हातांची मधली बोटं दाखवतच जातो. इतका मार खाऊनही तो छोटा होत नाही, आणि हार्टही मोठे होतात. दोन्ही बाजू एकदम जिंकवणं सोपं नसतं.

तक्रार एकच पण मनापासून. स्टॅम्पीड रेसलिंग म्हणजे काय, ह्या माणसाने किती जणांना घडवलं, ह्याची पाच मिनिटांची एखादी फिल्म सुरुवातीला हवीच होती. कॅलगरीकरांना ते माहीत होतं, टीव्हीवर बघणाऱ्यांना नाही.

आणि बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ह्यानंतर तीन महिन्यांत पिलमन गेला, नोव्हेंबरमध्ये मॉन्ट्रियलच्या शोमध्ये कंपनीने ब्रेटला फसवून त्याचं टायटल काढून घेतलं आणि तो कंपनी सोडून गेला, मे १९९९ मध्ये ओवेन गेला, मग डेव्ही बॉय, २०१८ ला नाइडहार्ट. स्टू २००३ मध्ये गेले. त्या पाचातला आज फक्त ब्रेट आहे. म्हणून मला तरी हा शो नुसती मॅच म्हणून बघताच येत नाही.

माझ्याकडून पाचपैकी पावणेपाच. वेळ कमी असेल तर अंडरटेकरची मॅच संपल्यापासून लावा, ताकाची मॅच दुसऱ्या दिवशी बघितली तरी चालेल.