थ्री नॉट थ्रीची जुनी काडतुसं: शिकारीला न्यावीत की नाही?

थ्री नॉट थ्री म्हटलं की आपल्याला पोलीस ठाण्याच्या दारातला हवालदार आठवतो. इथे कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात मात्र ती शेतकऱ्याची बंदूक. महायुद्धानंतर याच मापाच्या ब्रिटिश लष्करी ली-एनफिल्ड रायफली स्वस्तात विकल्या गेल्या, लोकांनी पुढचं लाकूड कापून त्या हलक्या केल्या आणि दोन-तीन पिढ्यांनी त्यांवर हरणं मारली. उत्तरेकडच्या कॅनेडियन रेंजर्सकडे, म्हणजे दुर्गम भागातल्या राखीव लष्करी दलाकडे, तर ही रायफल अगदी गेल्या दशकापर्यंत होती. त्यामुळे कॅल्गरीत परवाना काढून पहिल्यांदाच नोव्हेंबरच्या हंगामाला निघालेल्या आपल्या माणसाच्या हाती बऱ्याचदा हीच येते. सोबत विकणाऱ्याच्या तळघरातला एक डबाही येतो. "हेही घेऊन जा, माझ्या वडिलांचं आहे."

त्या डब्यात साधारण दोन प्रकारची काडतुसं निघतात. एक लष्करी, दुसरी जुनी पण शिकारीसाठीच बनलेली. तिसरा पर्याय दुकानात आहे. माझं मत आधीच सांगतो: हरणावर दुकानातलीच. पण बाकीची दोन सारखीच टाकाऊ नाहीत, आणि त्यांच्यातला फरक कळला तर पैसे आणि कदाचित बोटंही वाचतील.

आधी लष्करी. काडतुसाच्या बुडावर शिक्का असतो, तो भिंगातून पाहा. के आणि एफ ही अक्षरं, सालाचे आकडे आणि रोमन सात दिसला, तर ते काडतूस आपल्या पुण्याच्या खडकीचं. १८६९ पासूनचा तो दारूगोळा कारखाना, आणि तिथला माल जगभर फिरलेला. परदेशातल्या एका तळघरात तो शिक्का पहिल्यांदा दिसला तेव्हा मला गावचं कुणी भेटल्यासारखं झालं होतं. पण माया वेगळी आणि शिकार वेगळी.

रोमन सात म्हणजे मार्क सात, १९१० सालची रचना: १७४ ग्रेनची, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमची टोकदार गोळी, वरून पूर्ण धातूचं कवच. बहुतेक काडतुसांच्या आत कॉर्डाइट असतो. ही दारू दाणेदार नसते, तिच्या काड्या असतात. काडतुसाची पितळी पुंगळी उघडली तर शेवयांची जुडी भरल्यासारखी दिसते. शिक्क्यात झेड असेल तर आत कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू आहे.

या काडतुसावरचा पहिला आक्षेप त्याच्या वयाचा नाहीच, गोळीच्या कवचाचा आहे. अल्बर्टात मोठ्या प्राण्यांच्या शिकारीत न फुलणारी, म्हणजे लागल्यावर टोक न पसरणारी गोळी वापरणं बेकायदा आहे. कवचबंद गोळी आरपार जाते, जखम अरुंद राहते आणि हरिण मैलभर पळून कुठल्या तरी झुडपात मरतं. गंमत अशी की फुलणाऱ्या गोळीचं नावच आपल्या देशातून जगभर गेलं: कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात ती १८९० च्या दशकात बनली, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात तिच्यावर बंदी आली. माणसावर जी चालत नाही, तीच हरणासाठी सक्तीची. विचार केला तर दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. सैनिक जायबंदी झाला तरी युद्धाचं काम होतं. हरिण जायबंदी होणं म्हणजे शिकाऱ्याची चूक.

म्हणजे लष्करी काडतुसाचा प्रश्न कायद्यानेच निकालात निघतो. मग ती नेमबाजीच्या रेंजवर तरी उडवावीत का? उडवा, पण प्राइमरचं, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टिकलीचं, लक्षात ठेवून. त्या काळच्या बहुतेक लष्करी प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि रात्रीत नळी गंजायला लागते. तेलाने मीठ विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. म्हणूनच ब्रिटिश सैनिक नळीत नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायचे, मग पुसून तेल लावायचे. आजही उपाय तोच. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, आधी पाणी.

आता डब्यातला दुसरा ऐवज, आणि खरी चलबिचल इथेच होते. पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'इम्पीरियल' किंवा 'डॉमिनियन' लिहिलेलं असतं. कॅनेडियन इंडस्ट्रीज लिमिटेड ही कंपनी ती बनवायची. कित्येक दशकांपूर्वी ते उत्पादन थांबलं. गोळी मऊ टोकाची, फुलणारी, बहुधा १८० ग्रेनची. कायद्याची अडचण नाही. खोकं इतकं देखणं की टाकवत नाही. आणि विकणारा शपथेवर सांगतो की वडिलांनी याच खोक्यातल्या गोळ्यांवर बारा हरणं मारली. मारली असतीलही. त्या वेळी ती नवी होती.

काडतूस किती वर्षांचं यापेक्षा ती वर्षं कुठे गेली हे मोठं. दारू आपोआप, हळूहळू विघटन पावते. त्यातून बाहेर पडणारी आम्लं शोषून घ्यायला तिच्यात एक स्थिरक मिसळलेला असतो. उष्णतेने हा स्थिरक लवकर संपतो. कोरड्या, थंड तळघरातलं साठ वर्षांचं काडतूस ठणठणीत असू शकतं आणि पत्र्याच्या शेडमधलं वीस वर्षांचं बाद. खोकं उघडल्यावर आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला तर विषय तिथेच संपला.

पुंगळीचं पितळही तपासा. याचा धडा शास्त्रज्ञांना भारतातल्या पावसाळ्याने दिला. ब्रिटिश फौजेची काडतुसं घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली असत आणि ऐन पावसाळ्यात त्यांच्या पुंगळ्यांना न उडवताच भेगा पडत. खरा गुन्हेगार होता घोड्यांच्या मुतातला अमोनिया: पुंगळी घडवताना पितळात राहिलेला ताण आणि वर दमट हवेतला अमोनिया, दोन्ही मिळून धातू चिरत होते. १९२१ मध्ये याचा उलगडा झाला. त्यावर उपाय म्हणजे पितळ तापवून ताण काढणं. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते ती अशा तापवण्याचीच. अल्बर्टातल्या शेतावर मिळालेल्या खोक्याबाबत म्हणूनच विचारा: गोठ्यात होतं का, खताच्या कोठीत होतं का? मानेवर केसाइतकी उभी चीर दिसली तरी ते काडतूस बाजूला.

समजा वास नाही, चीर नाही, हिरवा गंज नाही. तरी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: प्राइमर. ओल लागलेला प्राइमर फुसका निघाला तर बरं म्हणायचं. वाईट म्हणजे उशिरा पेटणारा. एकदा रेंजवर शेजारच्या माणसाने दिलेलं एक जुनं काडतूस मी लावलं. शिक्का कुणाचा होता ते सोडा. चाप ओढला, 'टक्' एवढाच आवाज झाला, आणि मी "अरेच्चा" म्हणेपर्यंत बार उडाला. अर्धा सेकंदही नसेल. कागदावर छिद्र हातभर खाली. कागदाला काही वाटलं नाही. त्या जागी हरिण असतं तर पोटात किंवा पायात गोळी, आणि संध्याकाळपर्यंत बर्फात रक्ताचा माग.

'टक्' झाल्यावर बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून अडवणारा दांडा, उघडायचा मोह होतो, तो आवरा. नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का कमी बसला, तर दुसरी गोळी लावूच नका. बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. गोळी नळीत अडकली असेल तर पुढची नळी फोडते.

मग ही खोकी शिकारीला चालतील का? माझा हिशेब असा. पन्नास काडतुसं असतील तर त्यातली वीस रेंजवर उडवा. एकही फुसकं किंवा उशिराचं निघालं नाही, पुंगळ्यांना चिरा गेल्या नाहीत आणि शंभर यार्डांवर सगळी वीतभर वर्तुळात बसली, तर उरलेली न्यायला मी तुम्हाला अडवणार नाही. पण असं वीसच काडतुसांचं एकच खोकं असेल, तर तपासण्यातच ते संपतं. न तपासता नेणं हा जुगार, आणि त्यात डावावर लागतं ते हरिण. शिवाय सुबक, न फोडलेलं खोकं संग्राहक आनंदाने घेतात. घेणाऱ्याकडे परवाना हवा, एवढंच.

नव्या काडतुसांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, आणि तोच त्यांचा गुण. फेडरल, हॉर्नडी, सर्बियाची प्रवी पार्टिझान, चेक सेलिए अँड बेलो हे सगळे थ्री नॉट थ्रीच्या मऊ टोकाच्या गोळ्या काढतात, दीडशे नाहीतर १८० ग्रेनच्या. प्राइमर गंजवत नाहीत, वीसच्या वीस उडतात. दुखणं एकच: हंगाम तोंडावर आला की या मापाची खोकी दुकानातून गायब होतात. ऑगस्टमध्येच दोन खोकी घ्या, एकाच कंपनीची. एकाने रायफलचा नेम जुळवा, दुसरं शिकारीला. जुन्या लष्करी गोळ्यांवर नेम जुळवून नव्या खिशात घालून जाणारे महाभाग मी पाहिले आहेत. वजन वेगळं, वेग वेगळा, गोळी बसण्याची जागाही वेगळी.

महाग पडतं, अशी तक्रार ऐकू येते. पण हरणासाठी लागते एक गोळी, फार तर दोन. परवाना, टॅग, पेट्रोल, उणे वीसमध्ये तग धरणारे बूट एवढा खर्च केल्यावर चार डॉलर वाचवायला तळघरातला डबा उघडणं मला पटत नाही. आणि काडतूस नवं असलं तरी रायफल जुनीच आहे: ली-एनफिल्डच्या बोल्टचं तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यातली जागा झिजून वाढली असेल तर पुंगळी बुडाशी तुटते. उडवलेल्या पुंगळीवर बुडाच्या जरा वर चमकदार कडं दिसलं, तर ती बंदूक कारागिराला दाखवल्याशिवाय काहीच उडवू नका.

चिरलेली, हिरवी पडलेली, वास येणारी काडतुसं कचऱ्यात किंवा शेकोटीत टाकू नका. स्थानिक पोलिसांना आधी फोन करा आणि ती कशी, कुठे द्यायची ते विचारा. न कळवता थेट डबा घेऊन ठाण्यात शिरू नका. तिथल्या हवालदाराची तुम्ही काय अवस्था कराल याची कल्पना करा. माझ्याकडचं खडकीचं एक काडतूस मात्र मी दिलेलं नाही. ते बंदुकीच्या कपाटात कुलपाआड आहे, उडवायचं नाही अशी चिठ्ठी लावून.