बाळाचा बाप्तिस्मा की मोठेपणी बुडवून? आम्ही काय केलं

घरात बाळ आलं की आमच्या नाशिकच्या ख्रिस्ती घरांत दोन सूर निघतात. आजी म्हणते, बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, लवकर करून घ्या. काका म्हणतो, सध्या नुसतं अर्पण करा, म्हणजे पाण्याविना प्रार्थनेने बाळ देवाच्या हाती सोपवा; मोठी झाली की स्वतःच्या विश्वासाने पाण्यात उतरेल. सहा वर्षांपूर्वी लेकीच्या वेळी आम्ही नवरा-बायको याच पेचात होतो.

बायबलमधली वचनं दोन्ही बाजूंना आहेत. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा सगळ्या घरच्यांसह एका रात्रीत बाप्तिस्मा झाला. तर रस्त्याकडेला पाणी दिसताच हबशी अधिकाऱ्याने स्वतःहून बाप्तिस्मा मागितला. पाणी किती, या वादात मला फारसा जीव वाटत नाही. ‘दिदाखे’ या अगदी जुन्या ख्रिस्ती ग्रंथातही वाहतं पाणी आधी सांगितलंय, पण तसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतायला मुभा आहे.

बुडवून दिलेला बाप्तिस्मा मी गंगापूर धरणाच्या पाण्यात पाहिला आहे. माझा मित्र पांढऱ्या सदऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, पायाखाली चिखल. पाळकांनी त्याच्या नाकावर रुमाल धरला आणि त्याला मागे झुकवून पूर्ण पाण्याखाली नेलं. वर आल्यावर बराच वेळ त्याला बोलता येईना, काठावर त्याची आई रडत होती. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि उठणं म्हटलंय, ते त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. शिंपडण्यात हे दिसत नाही, हे मान्य करायलाच हवं.

त्यानंतर मीही मित्राच्या त्या मंडळीत (चर्चमध्ये) जाऊ लागलो. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी शरणपूर भागातल्या चर्चमध्ये झालेला, म्हणून मला पुन्हा घ्यायला सांगितलं. तेही मी मनावर घेतलं होतं. पण आधी साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची हकीकत, लिहून द्यायची होती आणि तिच्यात एक प्रश्न होता: तुमचा नवा जन्म कोणत्या तारखेला झाला? म्हणजे मनापासून ख्रिस्ताचे झालात तो दिवस कोणता? मी तीन रात्री कागद पुढे घेऊन बसलो. आजीच्या मांडीवर शिकलेली प्रार्थना आठवली, वडील गेल्यानंतरचे कोरडे महिने आठवले, त्यातून हळूहळू परत आलेला विश्वासही आठवला. तारीख काही सापडेना. विचारणारे वडीलजन प्रेमळ होते; पण तारीख नाही म्हणजे जन्मच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ते मला फार लागलं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

कारण नव्या जन्माविषयी येशू निकदेम या यहुदी शिक्षकाशी बोलला, तेव्हा त्याने वाऱ्याचा दाखला दिला: आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पुन्हा’ असाही होतो आणि ‘वरून’ असाही. वरून जे येतं त्याची नोंद माझ्याकडे कशी असणार? पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि ख्रिस्त आपल्याला खरा भेटला तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. पाणी आणि वारा एकाच दिवशी येतील असं नाही.

बालबाप्तिस्म्याची एक बाजू मात्र लंगडी आहे, आणि ती आपल्यामुळेच. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेली मुलं मोठी झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करतात, त्या दृढीकरणाचे वर्ग अनेक ठिकाणी पाठांतरावर उरकतात. दाखला हातात पडला की मुलं उपासनेला दिसेनाशी होतात. घरात प्रार्थना होणार नसेल, तर काकाचं ऐकलेलं बरं, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. आमचं चर्च उत्तर भारतीय चर्चमधलं. 1970 साली अनेक पंथ मिळून ते बनलं, त्या ऐक्यात मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही आले, म्हणून तिथे दोन्ही वाटा चालतात: बाळाचा बाप्तिस्मा, किंवा अर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. उद्या लेकीला पाण्यात उतरावंसं वाटलं, तर आमच्या चर्चमध्ये ते होणार नाही. हा एक सल आम्ही जाणूनबुजून पत्करला.

लेक चार महिन्यांची असताना पाळकांनी तिला हातावर घेतलं, नाव विचारलं आणि तीनदा पाणी घातलं. ती दचकून रडली. मग त्यांनी मंडळीला विचारलं, हिला विश्वासात वाढवायला मदत कराल का? मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायाही काठी टेकत उभ्या राहिल्या. आता ती विचारते, मी तेव्हा का रडले? मी सांगतो, पाणी गार होतं.