पेरीव्हिलचं रॉजर्स टॅव्हर्न: आय-९५ वरून खाली उतरा आणि नदी बघा

न्यू जर्सी ते डीसी गाडी मारणाऱ्या आपल्या मंडळींपैकी जवळपास सगळ्यांनी मेरीलँडमधली सस्क्वेहॅना नदी आय-९५ हायवेच्या पुलावरून ओलांडलीय, पण तेव्हा नदीकडे कोणाचं लक्ष नसतं, कोणी टोलचा विचार करत असतं, कोणी मागच्या सीटवरची भांडणं सोडवत असतं, आणि बघता बघता नदी मागे पडते. आता तर तिथल्या काठावरच्या पेरीव्हिल गावाला ग्रेट वुल्फ लॉज झाल्यापासून पोरांना घेऊन वॉटरपार्कला जाणारे आपले लोक खूप वाढलेत. त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. वॉटरपार्कपासून गाडीने थोडंसंच अंतर आहे, एक्झिट ९३ ने उतरून गावात शिरायचं, ब्रॉड स्ट्रीट धरून नदीकडे यायचं, आणि रेल्वेच्या पुलाला लागून एक जुनी दगडी इमारत दिसते ती रॉजर्स टॅव्हर्न. आता तिथे म्युझियम आहे, गावाने सांभाळलेलं. आम्ही आईला घेऊन गेलो होतो, ती भारतातून उन्हाळ्यात आलेली, आणि खरं सांगते, व्हाइट हाऊसपेक्षा तिला हे जास्त आवडलं.

आधी टॅव्हर्न म्हणजे काय ते सांगते, कारण बार समजून गेलात तर निराश व्हाल. अठराव्या शतकात रस्त्यावरचं टॅव्हर्न म्हणजे जेवण, दारू, रात्री पाठ टेकायला जागा, घोड्यांना चारा-पाणी आणि गावभरच्या बातम्या, सगळं एकाच छताखाली. पत्रं इथे यायची, वर्तमानपत्र एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे, लिलाव इथेच व्हायचे. चालवायला काउंटी कोर्टाचं लायसन्स लागायचं आणि दर मालकाने ठरवायचेच नाहीत, जेवणाचे, रमचे, पलंगाचे, घोड्याच्या चाऱ्याचे असे सगळे दर कोर्ट बांधून द्यायचं. आणि पलंग म्हणजे पूर्ण पलंग नाही हां, पलंगावरची जागा! दोन-तीन अनोळखी माणसं एकाच गादीवर झोपायची, मध्यरात्री नवीन कोणी आला तर सरकून घ्यायचं.

ही इमारत अठराव्या शतकाच्या मधल्या काळातली, जाडजूड दगडी भिंतींची, आणि ती इथेच का बांधली ते बाहेर उभं राहिलं की लगेच कळतं. फिलाडेल्फियाहून बाल्टिमोरला आणि पुढे दक्षिणेकडे जाणारा पोस्ट रोड या काठावर येऊन संपायचा. समोर पाऊण मैल पाणी. पूल नाही. पलीकडच्या काठावर आज जे हॅवर डी ग्रेस गाव आहे तिथून रस्ता परत सुरू व्हायचा, आणि मधे होडी. या जागेलाच लोअर फेरी म्हणायचे, शेजारच्या बागेला आजही तेच नाव आहे. वारा उलटा असेल तर थांबा, धुकं असेल तर थांबा, हिवाळ्यात नदी अर्धवट गोठली असेल म्हणजे बर्फावरून चालताही येत नाही आणि होडीही निघत नाही तर दिवसच्या दिवस थांबा. आणि थांबणाऱ्या माणसाला जेवायला लागतं, झोपायला लागतं, वेळ घालवायला काहीतरी लागतं, हा सगळा धंदा त्या थांबण्यावर उभा होता. १७८० पासून हे टॅव्हर्न कर्नल जॉन रॉजर्सने चालवलं, मूळचा स्कॉटलंडचा माणूस, आणि होड्याही त्याच्याच होत्या. म्हणजे नदी चालू असो की बंद, कमाई त्याची.

आता जॉर्ज वॉशिंग्टन. जिथे तिथे हेच सांगतात, वॉशिंग्टन इथे कितीदा तरी येऊन गेला म्हणून, आणि ते खरंच आहे, माउंट व्हर्ननहून, म्हणजे त्याच्या व्हर्जिनियातल्या घरून, फिलाडेल्फियाला जायचं तर याच वाटेवरून जावं लागायचं आणि १७९० ते १८०० राजधानी फिलाडेल्फियाच होती. पण माझं स्पष्ट मत आहे की तो इथे कितीदा जेवला यात काही विशेष नाही. विशेष हे आहे की देशाचा प्रेसिडेंटसुद्धा त्या पाण्यापुढे थांबायचा, आणि शेजारी घोडे हाकणारा कोचवान, माल विकणारा फेरीवाला, गरोदर बायकोला माहेरी सोडायला निघालेला शेतकरी असे सगळे त्याच काठावर थांबलेले असायचे. हे एकदा डोक्यात बसलं की प्रत्येक खोली वेगळी दिसायला लागते.

आतमध्ये फार वस्तू असतील असं समजून जाऊ नका. छोटं म्युझियम आहे, मोठ्या शहरातल्यासारखं काचेआड शंभर गोष्टी मांडलेलं नाही. जिवंतपणा येतो तो सांगणाऱ्या माणसांमुळे. आम्हाला एक वयस्कर व्हॉलंटिअर भेटले, त्यांना मी मनातल्या मनात काकाच म्हणत होते, त्यांनी पोरांना आधी नदीकडच्या खिडकीशी उभं केलं आणि विचारलं, तुमच्याकडे दोन घोडे, एक आजारी आजी आणि संध्याकाळची वेळ आहे, वाऱ्याचा जोर वाढतोय, तर तुम्ही आत्ता निघाल की सकाळी? पोरं भांडायलाच लागली! मोठी म्हणे आजीला ठेवून जाऊ, धाकटा म्हणे घोडे पोहत येतील. त्यानंतर त्या दोघांनी तासभर फोन मागितला नाही. दुसऱ्या एका नावाजलेल्या ऐतिहासिक घरात आम्हाला दोऱ्यांच्या पलीकडून खोल्या दाखवल्या होत्या आणि गाइड पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून गेली होती, पोरांना तिथलं आज काही म्हणजे काही आठवत नाही. फरक असा पडतो.

आईने मात्र सरळ चुलीकडे मोर्चा वळवला. तिचा प्रश्न एकच होता, मी भाषांतर करून सांगितला: ओव्हन नव्हता तर ब्रेड आणि केक कसे करायचे? काका खूश. त्यांनी दाखवलं की बिडाचं जड भांडं, त्याला तीन पाय, झाकणाला उभा काठ, भांड्याखाली निखारे ओढायचे आणि झाकणावर पण निखारे पसरायचे, काठामुळे ते खाली घसरत नाहीत. आई म्हणाली, अगं हे तर आपलं धोंडसच, माझी आजी खाली-वर विस्तव ठेवून काकडीचं धोंडस असंच करायची. मग मला ते सगळं इंग्लिशमध्ये सांगावं लागलं, काकडी केकमध्ये कशी हे पण, आणि काका आणि आई दोघं दुभाषी मधे ठेवून दहा-पंधरा मिनिटं निखाऱ्यांवर बोलत होते. विस्तव किती झाला हे कळायला हात जवळ धरून आकडे मोजायचे, लवकर हात काढावा लागला तर विस्तव जास्त. आईने लगेच करून दाखवलं, चूल थंड होती तरी.

तेव्हाच्या दारूबद्दल पण एक मस्त गोष्ट. टॅव्हर्नमध्ये पंचचं मोठं बोल मधे ठेवायचे आणि सगळ्यांनी तेच तोंडाला लावून पुढे द्यायचं. रम, साखर, लिंबू, पाणी, मसाला. रम वेस्ट इंडीजची, साखरही तिकडचीच, म्हणजे गुलामांच्या राबण्यातून आलेली. आणि त्याच काळात इंग्लंडमध्ये पंचसाठी नावाजलेली दारू कुठली, तर गोव्याची अरक! इथपर्यंत ती कितपत पोचायची ते सोडा, पण त्या एका बोलमध्ये अर्ध्या जगाचा व्यापार होता हे पोरांना सांगायला बरं पडलं.

गुलामीचा विषय निघालाच तर आता जे सांगणार आहे त्यासाठी तरी इथे जा. १८३० च्या दशकात रेल्वे आली पण नदीवर पूल नव्हता, म्हणून बाल्टिमोरहून गाडी हॅवर डी ग्रेसला यायची, प्रवासी स्टीमरने नदी ओलांडून पेरीव्हिलच्या बाजूला उतरायचे आणि तिथून पुढची गाडी धरायचे. ३ सप्टेंबर १८३८ ला त्या गर्दीत एक विशीतला तरुण होता, अंगात खलाशाचे कपडे, खिशात दुसऱ्या माणसाचे कागद. फ्रेडरिक डगलस. गुलामीतून पळत होता. पुढे जगभर गाजलेला वक्ता आणि लेखक झाला, पण त्या दिवशी पकडला गेला असता तर संपलं होतं सगळं. त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की फेरीबोटीवर निकोल्स नावाचा ओळखीचा पोरगा भेटला, तो बोटीवर कामाला होता, आणि विचारत सुटला की कुठे चाललास, परत कधी येणार, डगलस कसाबसा त्याला टाळून बोटीच्या दुसऱ्या टोकाला गेला. नदी ओलांडून गाडीत बसला तर समोर उलट दिशेने जाणारी गाडी येऊन थांबली, आणि तिच्या खिडकीत जो कॅप्टन बसला होता त्याच्या जहाजावर डगलसने थोड्याच दिवसांपूर्वी काम केलं होतं! कॅप्टनने नुसती मान वळवली असती तरी ओळखलं असतं. नाही वळवली. गाड्या सुटल्या.

हे मी मुलांना तिथेच, पाण्याकडे बघत सांगितलं. पाठ्यपुस्तकात डगलस शाळेत शिकवतात, पण इथून पलीकडचा काठ दिसतो, बोटीला किती वेळ लागला असेल त्याचा अंदाज येतो, आणि त्या सगळ्या वेळात घशाला किती कोरड पडली असेल ते कळतं. माझी तर मनापासून इच्छा आहे की पेरीव्हिलने डगलसच्या त्या दिवसासाठी नदीकाठाला मोठी जागा द्यावी, वॉशिंग्टनइतकीच मोठी. गावाच्या इतिहासातला तो सगळ्यात थरारक दिवस आहे.

नदीच्या बाकीच्या गोष्टी पण कमी नाहीत. स्वातंत्र्ययुद्धात, १७८१ च्या सप्टेंबरमध्ये, वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाँबो यांच्या फौजा यॉर्कटाउनकडे जाताना इथेच पोचल्या आणि होड्या पुरेनात, त्यामुळे पायदळ इथून आणि घोडे-गाड्या नदीच्या वरच्या अंगाला बॉल्ड फ्रायरला, जिथे नदी उथळ आहे तिथून, दगडांवरून ठेचकाळत. पुढच्या महिन्यात १९ ऑक्टोबरला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने तिथे शरणागती पत्करली. हाच कॉर्नवॉलिस नंतर भारतात गव्हर्नर जनरल होऊन आला, टिपूशी लढला, हे आईच्या लगेच लक्षात आलं. रॉजर्सचा मुलगा, त्याचंही नाव जॉनच, नौदलात कमोडोर झाला आणि ब्रिटिशांशी झालेल्या १८१२ च्या युद्धातला पहिला गोळा त्याच्याच जहाजावरून सुटला. १८५२ च्या हिवाळ्यात नदी इतकी घट्ट गोठली की रेल्वेने बर्फावर रूळ टाकले आणि कित्येक आठवडे डबे त्यावरून पलीकडे ढकलले, हे मला आधी खोटंच वाटलं होतं! १८६१ मध्ये, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, बाल्टिमोरला दंगल होऊन पूल जाळले गेले तेव्हा उत्तरेकडच्या फौजेच्या जनरल बटलरने इथली स्टीमर ताब्यात घेऊन सैन्य ॲनापोलिसला नेलं. शेवटी १८६६ ला रेल्वेचा पूल झाला, आणि थांबण्याची गरजच संपली.

आज टॅव्हर्नच्या शेजारून जो पूल जातो तो १९०६ चा, ॲमट्रॅकच्या प्रवासी रेल्वेगाड्या त्यावरून धडधडत जातात आणि नव्या पुलाचं काम बाजूला चाललंय. गाडी गेली की बोलणं थांबवावं लागतं. मला त्याचा अजिबात त्रास वाटला नाही, उलट जिथे लोक दिवसेंदिवस अडकायचे तिथून बोस्टनची गाडी अर्ध्या मिनिटात पार होताना बघायला मिळते, याहून चांगलं प्रदर्शन कोण लावणार.

ज्यांना सजवलेलं, मोठं, आत रेस्टॉरंट वगैरे असलेलं टॅव्हर्न बघायचंय त्यांनी व्हर्जिनियात अलेक्झांड्रियाचं गॅड्सबीज टॅव्हर्न पण बघावं, तिथला नाचाचा हॉल सुंदर आहे, त्याचं मूळ लाकूडकाम १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला विकलं गेलं होतं. पण तिथे दारात नदी नाही. एकच बघायला वेळ असेल तर मी पेरीव्हिलच सांगेन.

कामाच्या गोष्टी: रोज उघडं असेल असं धरून जाऊ नका, निघायच्या आधी टाउनच्या वेबसाइटवर वेळ बघा, आणि जुन्या कपड्यातले लोक, चूल पेटवून दाखवणं वगैरे कार्यक्रम असेल तर तोच दिवस पकडा, साध्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त मजा. जुनी इमारत आहे, गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना जिन्याचं आधी विचारून घ्या. खायचं काही आत मिळेल या भरवशावर राहू नका, आम्ही थेपले आणि चहाचा थर्मास नेला होता आणि बागेत बसून खाल्लं. पलीकडचा काठ करायचा असेल तर यूएस-४० च्या हेटम पुलावरून हॅवर डी ग्रेसला जा, तिथे १८२७ चं दीपगृह आहे, त्याचा पहिला रखवालदार जॉन ओ'नील, ज्याने १८१३ मध्ये ब्रिटिशांनी गाव जाळलं तेव्हा तोफेपाशी शेवटपर्यंत टिकून राहून मारा केला होता. आणि वॉटरपार्क करणाऱ्यांनी टॅव्हर्न आधी ठेवा, वॉटरपार्क नंतर. उलट केलंत तर पोरं दमून गाडीतच झोपतात आणि तुम्ही एकटेच नदी बघत बसता.