समृद्धीवर झकास, बीड रोडला जपून

जालन्याहून समृद्धी महामार्गाला लागलो की गाडीचा वेग आपोआप धरणारा क्रूझ कंट्रोल १०० वर लावायचा अन् पाय मोकळा. जुन्या गाडीतला साधा क्रूझ नुसता वेग धरून ठेवायचा. पुढं ट्रक आला की ब्रेक आपणच मारायचा, मग क्रूझ बंद, परत बटण दाबा. नव्या गाडीतला अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ रडारनं पुढच्या गाडीचं अंतर मोजतो, स्वतःच वेग उतरवतो, रस्ता मोकळा झाला की पुन्हा १०० वर. आमचे अण्णा मात्र शेजारी बसून अजून हवेतच ब्रेक दाबतात!

पैसे वसूल. पण उसाच्या हंगामात बीडकडं हा क्रूझ लावूच नका. रस्त्यात उभी, बिनलाइटची ट्रॉली तो ओळखेलच असं नाही. थांबलेल्या वस्तूंपुढं ही यंत्रणा कच्चीच. अन् चिखलानं सेन्सर माखला की बंद पडते, डिकीत फडकं ठेवा.