कॅप्सूल की कोलोनोस्कोपी: पॉलिपच्या तपासणीसाठी मी काय निवडेन

इंग्लंडमधील एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेने २०२१ मध्ये सुमारे ११,००० रुग्णांसाठी, मोठे आतडे आतून टिपणाऱ्या, गिळायच्या कॅमेऱ्याच्या कॅप्सूलचा पथदर्शी प्रकल्प योजला. तेव्हापासून, शौचातील न दिसणारे रक्त शोधणाऱ्या फिट चाचणीत रक्ताचा अंश आढळलेल्या तिथल्या काही मराठी मंडळींनाही कॅप्सूल की कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेली मोठ्या आतड्याची तपासणी), असे विचारले जाऊ लागले. मी या दोन्हींतून गेलो आहे.

कॅप्सूलचे गुण मोठे आहेत आणि ते आधी मान्य केले पाहिजेत. गुंगीचे औषध नको, पोटात वायू भरणे नको, घरी न्यायला सोबत नको. कमरेला पट्टा बांधून गोळी गिळायची आणि घरी जायचे. संकोचापोटी तपासणी टाळणाऱ्या माणसाने कॅप्सूलच्या निमित्ताने का होईना ती करून घेतली, तर ते फार चांगलेच. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी वाढ, दिसण्याच्या बाबतीतही ती फारशी मागे नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठे नेहमीचे अडेनोमा (पुढे कर्करोग होऊ शकणारे पॉलिप) तिने ८८ टक्के, तर दहा मिलिमीटरपासून पुढचे ९२ टक्के रुग्णांत अचूक ओळखले. चपट्या, दातेरी जातीच्या पॉलिपांत मात्र ती बरीच कमी पडली.

माझा निर्णय झाला तो जुलाबावरून. पोट साफ करण्याचे औषध दोन्हींत घ्यावे लागते हे खरे, पण कोलोनोस्कोपीत नळी आत गेली की उरलेला मळ पाण्याने धुता येतो आणि शोषूनही घेता येतो. कॅप्सूलला ती सोय नसल्याने आतडे आधीच अगदी स्वच्छ असावे लागते, शिवाय बॅटरी संपण्याआधी ती बाहेर पडावी म्हणून गिळल्यानंतरही तिला पुढे ढकलत राहावे लागते. कमरेचा रेकॉर्डर थरथरतो, पडद्यावर एक आकडा उमटतो आणि सूचनापत्रात त्या आकड्यासमोर लिहिलेले जुलाबाचे पुढचे औषध घ्यायचे, असा तो दिवस जातो. एवढे करूनही कॅप्सूल फक्त पाहू शकते. माझ्या चित्रणात पॉलिप दिसला, त्यामुळे काही आठवड्यांनी भाजी, उसळ, फळे बंद करून पांढरा भात आणि साधे दही, आणि मग ते खारट, गुळमट द्रावण पेल्यामागून पेला, हे सारे कोलोनोस्कोपीसाठी पुन्हा करावे लागले. तेथे डॉक्टरांनी पॉलिपभोवती तारेचा फास टाकला, तो घट्ट केला आणि काही मिनिटांत पॉलिप काढून तपासणीला पाठवला. वायूमुळे पोट तडतडले आणि वळणापाशी कळ आली, परंतु ती सोसण्यासारखी होती.

पुढच्या देखरेखीसाठी मी थेट कोलोनोस्कोपीच मागितली. फिट चाचणीचा आकडा जास्त असेल किंवा पूर्वी पॉलिप निघाले असतील, तर काही सापडण्याचा संभव अधिक, म्हणून अशांनी बहुधा हाच मार्ग धरावा असे मला वाटते. कोलोनोस्कोपी अर्धवट सोडावी लागलेल्यांसाठी मात्र कॅप्सूल खरोखर उपयोगी आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये तिला मान्यता मिळाली ती अशाच रुग्णांसाठी. आतडे कुठे अरुंद झाले असेल, तर ती अडकू शकते, हे डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे. आणि ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नये.

तरीही मन कॅप्सूलकडेच ओढत असेल, तर होकार देण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य विचारावी: पॉलिप दिसल्यास त्याच सफाईवर, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी, कोलोनोस्कोपी मिळेल का? तसे मिळणार असेल, तर माझा मुख्य आक्षेप उरत नाही.